हात लावून बघूया की

साहेब पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला आले, तेव्हा बैठकीत बसायचं सोडून सरळ स्वयंपाकघरात शिरले आणि गॅसच्या शेगडीवर तळहात ठेवला. बायकोनं नुकतंच पिठलं उतरवलं होतं. साहेबांनी हात झटकन मागं घेतला, त्यावर फुंकर मारली आणि समाधानानं मान हलवली. "राहता की हो तुम्ही इथं," मला म्हणाले. बायको हातात लाटणं घेऊन नुसती बघत राहिली. ते गेल्यावर तिनं विचारलं, हा माणूस जेवायला आला होता की तपासणीला? मी म्हटलं, दोन्हीला. पिठलं मात्र साहेबांनी पुन्हा पुन्हा मागून घेतलं होतं, त्यामुळे भांडी घासून होईपर्यंत तिचा राग निवळला.

माणूस ओळखायच्या तऱ्हा तुम्हीही पाहिल्या असतील. कुणी चपलांवरून ओळखतं, कुणी गाडीवरून. आमच्या ऑफिसातले बडे बाबू तर ढेकर ऐकून माणूस कुठल्या खानावळीतून आला ते सांगतात. साहेब चुलीवरून ओळखायचे. कुणाच्या दारात उभे राहिले की उजवा तळहात आपोआप पुढं यायचा आणि तोंडातून एकच वाक्य निघायचं, "हात लावून बघूया की."

साहेब नगररचना खात्यातले. जिल्ह्याचा आराखडा करायला हिंगोलीला आले, निवृत्ती अगदी दारात येऊन उभी असताना. आराखडा म्हणजे पुढच्या काळात घरं कुठं व्हावीत, शेती कुठं राहावी, बाजार कुठं, कारखाना कुठं, रस्ता कुठून जावा, हे आधीच ठरवून नकाशावर रंगवून ठेवायचं. पिवळा रंग म्हणजे वस्ती, हिरवा म्हणजे शेती, निळा बाजार, जांभळा कारखाने. मी तिथला कंत्राटी आरेखक, राहणारा कळमनुरीचा. साहेब कागदावर रंगीत पेन्सिलींनी रंगवायचे आणि तेच मी पुन्हा कॉम्प्युटरवर चढवायचो. सगळं काम एकदम कॉम्प्युटरवरच करा असं मी अनेकदा सुचवून पाहिलं. पेन्सिलीला टोक करता करता डोकं चालतं, असं त्यांचं म्हणणं. टोक करण्यात त्यांचा निम्मा दिवस जायचा आणि मग मी उरलेल्या निम्म्या दिवसात धापा टाकायचो.

आभाळातून काढलेले फोटो आमच्याकडं होते. त्यात घरांची छपरं स्वच्छ दिसायची. छपरं दिसली की पिवळा रंग भरायचा आणि मोकळं व्हायचं, असा माझा साधा हिशेब. साहेबांना तो मान्य नव्हता. "वरून पत्रे दिसतात, माणसं दिसत नाहीत," म्हणायचे. पत्र्याखाली कडबा असतो, खताची पोती असतात, कधी नुसतीच हवा असते. माणूस राहतो की नाही हे चूल सांगते. म्हणून जिथं जिथं शंका, तिथं तिथं जीप निघायची. जीप चालवायला मामू. साहेब कोल्हापूरकडचे, त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या शेपटाला "की". आम्ही "जाऊन राहिलो, करून राहिलो" म्हणणारी माणसं. मामूनं आठवडाभरात साहेबांची नक्कल बसवली आणि "हात लगा के देखूया की" म्हणत तो पंक्चर तपासायला लागला.

आता नकाशात पिवळं होणाऱ्या जमिनीला सोन्याचा भाव येणार, ही बातमी फुटायला किती वेळ लागतो? आणि साहेब चूल बघून पिवळं करतात ही दुसरी बातमी तिच्या मागोमाग फुटली. झालं. अख्ख्या तालुक्याला रानात राहायची हौस आली. सोयाबीनच्या रिकाम्या वावरात दोऱ्या बांधून कपडे वाळू लागले. एकानं हरभऱ्यात खाट टाकून तिच्यावर आपल्या सासऱ्याला बसवलं होतं. आम्ही विचारपूस केली तर म्हातारा म्हणाला, मला संध्याकाळी घरी सोडतो म्हणालेत, तुमी तिकडंच चालले का? आम्हीच त्याला जीपमधून गावात सोडलं. जावयाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

डोंगरकडा नावाच्या गावात तर कमाल झाली. एका पठ्ठ्यानं केळीच्या बागेत मधोमध चूल मांडून ती सकाळपासून धडाडून पेटवली होती. साहेबांनी सवयीनं तळहात ठेवला आणि हात भाजला. मामू गाडीतून पाण्याची बाटली घेऊन पळत आला आणि चुलीकडं बघून त्यानं विचारलं, "साब, चुल्हा तो गरम है, मगर मकान किधर है?" साहेब हातावर पाणी ओतून घेत चुलीभोवती एक चक्कर मारून आले, वाकून बघितलं, दुसऱ्या हाताचं बोट चुलीच्या बाहेरच्या अंगावरून फिरवलं. बोटाला नुसती माती लागली, काजळी नाही. त्या दिवसापासून नियमात भर पडली. चूल गरम पाहिजे आणि काजळी धरलेली पाहिजे. गरम एका सकाळीत करता येते, काजळी यायला वर्षं लागतात. पुढं कितीतरी दिवस साहेब पट्टी बांधलेल्या हातानं पेन्सिलीला टोक करत होते आणि त्या शेतकऱ्याला फोन करून केळीचा भाव विचारत होते. राग म्हणून धरता यायचा नाही साहेबांना.

हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला. हिंगोली शहराचा कागद रंगवताना सरकारी निवासस्थानांची रांग आली. मी पिवळी पेन्सिल पुढं केली. साहेबांनी एकेक चौकोन भरला आणि स्वतःचा चौकोन पांढराच ठेवला. मी म्हटलं, साहेब, एक राहिला.

"माझी शेगडी थंड असते," ते म्हणाले. "आपल्याला वेगळा नियम कशाला?"

मला हसू आलं आणि मग आलं तसं गेलं. साहेबांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी पुण्यात, तिच्या संसारात. साहेब दोन्ही वेळा खानावळीत जेवायचे. त्यांच्या क्वार्टरमध्ये सरकारनं दिलेली शेगडी होती, तिच्यावर ते इस्त्रीचे कपडे ठेवायचे. पांढरा चौकोन मी तसाच कॉम्प्युटरवर चढवला आणि घरी जाऊन बायकोला म्हटलं, साहेबांना महिन्यातून एकदा तरी बोलवत जाऊ. ती म्हणाली, बोलवा, पण शेगडीपासून लांब ठेवा.

मग आला वारंगा फाटा. तिथं ट्रकांची ही दाटी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ट्रक उभे आणि शाळेची लेकरं त्यांच्या मधून जीव मुठीत धरून चाललेली. आराखड्यात तिथं ट्रकतळ दाखवायचाच होता. म्हणजे ट्रक उभे करायला एक मोठं मैदान. त्याला पुरेल अशा जागा फाट्याजवळ दोनच होत्या. एक भाऊंची, रस्त्याला लागून. दुसरी थोडी आतली, माळ होता, त्याच्यावर बंजाऱ्यांचा तांडा होता.

भाऊ म्हणजे फाट्यावरचं मोठं प्रस्थ. जमिनी घ्यायच्या, प्लॉट पाडायचे आणि विकायचे. माणूस तसा दिलदार, गोड बोलणारा, फक्त त्यांच्या जमिनीला कुणी हात लावायचा नाही. ट्रकतळ आपल्या जागेवर येणार ही कुणकुण लागताच त्यांनी तिथं ओळीनं पत्र्याच्या खोल्या उभ्या केल्या, पुढं कमान ठोकली आणि कमानीवर आजोबांचं नाव घालून त्याचं नगर करून टाकलं. वस्तीवर ट्रकतळ टाकता येत नाही, हे त्यांना कुणीतरी बराबर सांगितलेलं. वरून फोटोत ते नगर काय देखणं दिसत होतं! ऑफिसात आम्ही सगळे फसलो होतो.

साहेब गेले आणि एकेका खोलीत हात लावत सुटले. थंड. थंड. थंड. भाऊ मागून चालत होते. लोक कामाला गेले, यात्रेला गेले, लग्नाला गेले, असं खोलीगणिक एकेक कारण देत होते. शेवटच्या खोलीत साहेबांचा हात चुलीवर थबकला. चूल कोमट होती. भाऊंचा चेहरा असा फुलला की त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं असावं. साहेबांनी वाकून आत बघितलं. चुलीत एक कुत्री पिलं घेऊन झोपली होती.

"ही राहते की इथं," साहेब म्हणाले. "बाकी कुणी नाही."

मामूला हसू आवरेना म्हणून तो जीपखाली काहीतरी तपासायला गेला. भाऊ मात्र कच्चे नव्हते. त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि साहेबांना अगदी शांतपणे म्हणाले, "साहेब, नियम तुमचाच हाय. चूल थंडी तर वस्ती न्हाई. मग चला तांड्यावर. तिथं बी हात लावा."

साहेबांना नाही म्हणता येईना. आम्ही चौघं माळावर गेलो. दिवस थंडीचे. तांड्यातली हातीपायी धड असलेली सगळी माणसं दिवाळीनंतरच ऊसतोडीला गेलेली, लेकराबाळांसकट, थेट साहेबांच्या मुलखात. दाराला कुलपं. अंगणात ज्या चुली होत्या त्यांना साहेबांनी हात लावला. थंड. पुढच्या घरी थंड. त्याच्या पुढच्या घरी थंड, आणि वर वाळलेली पानं पडलेली. उन्हाला बसलेले दोन म्हातारे आमच्याकडं टकामका बघत होते. त्यातल्या एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्याला बोलायचं नव्हतं. घरांच्या किल्ल्या कुणाकडं आहेत विचारलं तर त्यानं कळमनुरीच्या दिशेला हात केला. भाऊ नुसते बडीशेप चघळत होते, आणि आम्हालाही त्यांनी चिमूट चिमूट दिली.

परतताना मला साहेबांचा राग आला होता, आता खोटं कशाला बोलू. तांडा तिथं आहे हे साऱ्या जिल्ह्याला माहीत. मलाही माहीत, साहेबांनाही माहीत. करा पिवळा आणि व्हा मोकळे. मी तसं तोंडावर बोललोसुद्धा. साहेब म्हणाले, तांडा नुसत्या माहितीवर पिवळा केला तर भाऊही उद्या माहीत असलेली माणसं उभी करतील, आणि भाऊंना माहीत असलेली माणसं आपल्यापेक्षा जास्त आहेत. चुलीच्या नियमावर भाऊंना परत पाठवलं, तर तांड्यालाही तोच नियम. आणि नियमानं ट्रकतळ तांड्यावर जात होता. ऊस तोडून माणसं परत येतील आणि घरांच्या जागी ट्रकचं मैदान व्हायचं ठरलेलं असेल.

मग ते काचेतून बाहेर बघत स्वतःशीच बोलायला लागले. लहानपणी त्यांच्या गावाच्या शिवारात तोडकऱ्यांच्या कोप्या पडायच्या, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्या. तीन दगडांची चूल असायची. गावात नवीन योजना आली की गावकरी म्हणायचे, ती माणसं आपली नव्हेत, ती तिकडची, मराठवाड्यातली. "तिकडच्या नकाशात ती इकडची," साहेब म्हणाले. "आणि इकडं चुली थंड. मग ही माणसं राहतात कुठं?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते जीपमध्ये बसून राहिले. चला म्हणाले. माळावर पोचलो तर कालच्यापेक्षा वेगळं दिसलं. एका घरातून धूर निघत होता आणि आसपासची चार-दोन म्हातारी माणसं काठ्या टेकत त्या घराकडं निघाली होती. साहेब त्यांच्या आधी पोचले आणि सवयीप्रमाणं चुलीला हात लावला. चुलीपुढं एक बाई बसली होती, कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा. तांड्यात आईला याडी म्हणतात. तिला सगळा तांडा याडी म्हणायचा, वयानं मोठे होते तेसुद्धा.

"काहून हात लावून राहिले बापा चुलीला?" ती म्हणाली. "भूक लागली का?"

तिच्या बोलण्यातून हळूहळू सगळं कळलं. ते घर तिचं नव्हतंच. तांडा ऊसतोडीला निघाला की घरोघरच्या किल्ल्या तिच्याकडं येतात. रोज सकाळी ती एक घर उघडते, झाडते, चूल-भिंत सारवते आणि त्या घरच्या चुलीवर चहा टाकते. उद्या पुढचं घर. धूर फिरला की वाळवी धरत नाही, उंदीर बीळ करत नाहीत. मागं राहिलेली म्हातारी माणसं धूर बघून त्या घरी चहाला जातात. सगळी घरं झाली की पुन्हा पहिल्यापासून. काल मात्र ती कळमनुरीच्या बाजाराला गेली होती, म्हणून चूल पेटली नव्हती आणि म्हाताऱ्यांना चहा मिळाला नव्हता. तो न बोलणारा म्हातारा का बोलत नव्हता ते मला आता उमगलं.

साहेबांनी तिथूनच भाऊंना फोन लावला. या म्हणाले, चूल गरम आहे. भाऊ आले, हात लावला आणि हसले. एक चूल म्हणजे एक घर साहेब, बाकीच्यांचं काय? साहेब म्हणाले, रोज येऊया की. भाऊंनीही मर्दासारखं सांगितलं, मीही रोज येतो, सोडत न्हाई.

आणि सुरू झाली ती चहाची वारीच म्हणा. रोज सकाळी एक घर, एक चूल आणि एक चहा. चहा शेळीच्या दुधाचा, वरून गूळ. साहेबांना शेळीच्या दुधाचा वास सहन व्हायचा नाही. ते श्वास रोखून पेला रिकामा करायचे आणि मग मोठ्यानं श्वास सोडायचे. भाऊंना साखरेचा आजार, डॉक्टरनं गोड तोडलेलं. त्यांनी तसं सांगितलं तर याडी म्हणाली, साखर कुठं हाय, गूळ हाय. चुलीला हात लावून चहा न घेता जायचं म्हणजे घरधन्याचा अपमान, आणि घरधनी ऊस तोडायला गेलेला, त्याच्या माघारी तर फारच वाईट. भाऊ मुकाट पेला उचलायचे. मामू एकटा सुखात होता. तो दुसरा पेला मागायचा आणि याडीला दुवा द्यायचा. भाऊ एकेक दिवस कोमेजत चालले, पण हटले नाहीत. दरवेळी एकच हरकत. चूल आत्ता पेटवली म्हणून गरम हाय, केळीच्या बागेतल्यासारखी. चूल-भिंत सारवलेली, राहण्याची काजळी कुठं हाय?

अशात एके दिवशी जे घर उघडलं, त्याच्या चुलीमागची भिंत पत्र्याची होती. पत्र्याला भोकं होती आणि वारा येऊ नये म्हणून त्यांच्यावर एक मोठा कागद चिकटवलेला. आम्ही आत शिरलो, डोळे अंधाराला सरावले आणि आधी मामूनं पाहिलं. त्यानं माझा हात दाबला. भिंतीवर भाऊ होते. हात जोडून हसणारे, खाली मत देण्याची नम्र विनंती. मागं कधीतरी निवडणुकीला उभे होते तेव्हाचं पोस्टर. इतक्या वर्षांच्या धुरानं त्यांच्या पांढऱ्या शर्टाचा पार कोळसा झाला होता आणि मिशी दुप्पट जाड झाली होती.

साहेबांनी चुलीला हात लावला नाही. सरळ पुढं गेले आणि पोस्टरातल्या भाऊंच्या गालावरून बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट निघालं. ते त्यांनी खऱ्या भाऊंच्या पुढं धरलं.

"काजळी आहे की," ते म्हणाले. "भाऊ, इथं कुणी राहत नव्हतं, तर मतं कुणाकडं मागितली?"

भाऊंनी पोस्टरातल्या स्वतःकडं निरखून बघितलं. कौतुक करावं असं त्या माणसात काही असेल तर ते हे, की त्यांना हसू आलं. पोट धरून हसले. मग खाली बसले, न सांगता पेला उचलला आणि चहा प्याले. म्हणाले, एवढी तकलीफ घेऊन मिशी वाढवली तुमी लोकाईनं माझी, आता काय बोलू. याडीला कशाचं हसू चाललंय ते कळलं नव्हतं. पोस्टर तिला नुसतं वारा अडवणारा कागद म्हणून माहीत होतं.

साहेबांनी तिथंच, चुलीपुढं बसून, कागद मांडीवर घेतला आणि तांडा पिवळा केला. त्या टोक केलेल्या पेन्सिलीनं, एकेक घर. मी जन्मात कुणाला इतकं सावकाश रंगवताना पाहिलं नाही. याडी वाकून बघत होती. हे काय म्हणून तिनं विचारलं, तेव्हा साहेबांनी सांगितलं की हे तुमचं घर, हे शेजारचं, आता इथं ट्रक यायचे नाहीत. तिनं त्या पिवळ्या ठिपक्यांकडं पाहिलं, मग साहेबांकडं पाहिलं.

"अन् साहेब, तुमच्या घरची चूल कोन पेटवतं?"

साहेबांनी पेन्सिल खिशात ठेवली. "कुणी नाही," म्हणाले.

"मंग तुमी राहता कुठं?"

मला वाटलं, आता ते हसून काहीतरी बोलतील. त्यांनी नुसतं चुलीतलं लाकूड थोडं आत सरकवलं. मग याडीनं गुळाचा एक खडा कागदात बांधून त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं, निदान चहा तरी टाकत जा बापा.

त्यांनी ते मनावर घेतलं आणि आमच्या नशिबी भोग आले. दर सोमवारी ऑफिस सुटलं की मी आणि मामू साहेबांच्या क्वार्टरवर चहाला. असा वाईट चहा मी कुठल्या एस.टी. कँटीनलाही प्यालेलो नाही. दूध न चुकता उतू जायचं. कारण उकळी यायच्या वेळेला साहेबांना हमखास एखादा रस्ता आठवायचा आणि ते नकाशा आणायला आतल्या खोलीत जायचे. दूध सांडून सांडून शेगडीची भोकं बुजली. ज्योत निळीची पिवळी झाली आणि धूर ओकायला लागली. मामू म्हणायचा, साब, गॅसवाले को बुलाता हूँ. साहेब नको म्हणायचे. मी एकदा पांढऱ्या चौकोनाची आठवण करून दिली. आता तुमची शेगडी गरम असते साहेब, भरू का पिवळा?

"काजळी धरू दे की," ते म्हणाले. "घाई काय आहे?"

आराखडा वर गेला, फिरून आला, पुन्हा गेला आणि बऱ्याच काटछाटीनंतर मंजूर झाला. साहेबांचे दोन आवडते रस्ते त्यातून उडाले, एक तलाव सरकला. तांडा राहिला. ट्रकतळ भाऊंच्या जागेवर दाखवला गेला, त्याचे त्यांना रीतसर पैसे मिळायचे आहेत. त्यांनी त्याच्या शेजारी आधीच ढाबा टाकलाय आणि तो असा चालतो की आता ते ट्रकतळ ही आपलीच कल्पना म्हणून सांगतात. वर आल्यागेल्याला बजावतात, तांड्यावर गेलात तर चहा घेऊन या, न्हाईतर याडी सोडत न्हाई.

साहेब निवृत्त होऊन पुण्याला मुलीकडं गेले. जाताना रंगीत पेन्सिलींचं खोकं मला दिलं. अधूनमधून फोन यायचा. मुलीच्या घरी विजेवरची शेगडी आहे, भांडं उचललं की थोड्याच वेळात गार होते, हात लावून काही म्हणता काही कळत नाही, अशी त्यांची तक्रार असायची. इथं माणूस राहतो की नाही हे ओळखायचं कसं, असं विचारायचे. मी म्हणायचो, साहेब, तुम्ही राहता ना, तुम्हालाच माहीत. त्यावर ते म्हणायचे, माहितीवर चालत नाही की.

मागच्या महिन्यात त्याच नंबरावरून त्यांच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेले. रडून झाल्यावर तिनं मला एक विचारलं. बाबा रोज सकाळी उठले की शेगडीवर हात ठेवून उभे राहायचे, ते का? तिला वाटायचं, बंद आहे का ते बघतात. मी तिला सगळं सांगायला गेलो आणि पिठल्याच्या गोष्टीपाशीच अडकलो.

साहेबांच्या जागेवर अजून कुणी आलेलं नाही. पद रिक्त आहे आणि क्वार्टर बंद. किल्ली ऑफिसात खिळ्याला लटकलेली असते. फोन ठेवला आणि मी किल्ली घेऊन निघालो. मामूनं गाडी काढली. आत सगळीकडं धूळ बसली होती. कॉटवर गादी नव्हती, दोरीवर एक क्लिप तेवढी राहिली होती. शेगडीला हात लावला. थंडगार. मग शेगडीमागच्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट मामूला दाखवलं. मामूनं तोंड फिरवलं.

ऑफिसच्या भिंतीवर साहेबांनी हातानं रंगवलेला शहराचा नकाशा अजून आहे. मी खुर्चीवर चढलो आणि खोक्यातली पिवळी पेन्सिल काढली. तिचं टोक त्यांनीच करून ठेवलेलं होतं. बोट न पुसताच तो पांढरा चौकोन भरला, त्यामुळे पिवळ्यावर थोडा काळा डाग पडला. तो तसाच ठेवलाय.

"राहत होता की हो तुम्ही इथं," मी म्हटलं.